गोपीचंदची पेज

वेणूच्या बाबांस,

काल चुलीपाशी माझ्या पाठीमागे तुम्ही पुटपुटलात, "जाणाऱ्याले अंडे कायले?" ऐकलं मी.

डॉक्टरांनी दूध, अंडी, डाळ सांगितली होती. तुम्ही सख्ख्या भावाला, गोपीचंदला, तीन महिने नुसती पेज द्यायला लावली. आज सूत तोलायच्या काट्यावर बसवलं त्याला, छत्तीस किलो भरला. त्याला घेऊन माहेरी दिघोरीला जाते आहे. अंडी, तूप, शेंगदाणे सोबत घेतले आहेत. तुमच्यासाठी पेज झाकून ठेवली आहे, पातळच. शेजारच्या देवकाबाईंना सांगितलंय, यांना पथ्य आहे, जेवायला वाढू नका.

घरात आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं. काट्यावरून उतरताना गोपीचंदच बोलला, "वहिनी, एड्सनं मरीन तवा मरीन, दादा मले आत्ताच उपाशी मारून राहिला."