योना, बाबांची गाणी उतरवून घे

बाबांना चिंचपाड्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात आली होती. संध्याकाळी नंदुरबारहून येणाऱ्या धाकट्या भावासाठी रिबेकाने घाईघाईत चिठ्ठी लिहिली.

"योना, बाबांच्या घशाचं ऑपरेशन परवा आहे. फोनवर मी फक्त घरी ये म्हटलं, कारण बाबांनी सांगू दिलं नाही. लॅपटॉपमधलं विंडोज बिघडलंय, म्हणून मी बाहेरून जोडायच्या एसएसडी डिस्कवर नवीन टाकलंय. लॅपटॉप सुरू करताना एफ-ट्वेल्वचं बटण दाबत राहा आणि समोर डिस्कची नावं आली की एसएसडी निवड. चालू असताना तिची वायर काढू नकोस, सगळं जागच्या जागी बंद पडेल. आतली जुनी डिस्क कशीबशी वाचता येते. तिच्यात बाबांनी आपल्या मावची बोलीत म्हटलेली गाणी आहेत, ती आजच एसएसडीवर उतरवून घे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. भात झाकून ठेवलाय."

ती उठली तोच बाबा आत आले.

"काय लिहिलंस?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"गाणी उतरवून घे म्हटलंय."

योनाने जातीबाहेर लग्न केल्यापासून बाबांनी सुनेला घरात घेतलं नव्हतं, तिचं नावही कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी रिबेकाच्या हातातलं पेन घेतलं आणि वाकून, सावकाश, खाली लिहिलं:

"योना, उद्या दवाखान्यात सोनमलाही घेऊन ये. आवाज आहे तोवर तिला एकदा हाक मारायची आहे."