बशीतल्या किल्ल्या

सोम. ३ फेब्रु.
किल्ल्या आपटून आले. धाकट्या शेठच्या टेबलावर, थेट काचेवर. तडकली असती तर बरं झालं असतं.
मी जेवायला गेले तेवढ्यात ह्यांनी दुसऱ्या किल्लीने प्रेसमधलं माझं स्टोअर उघडलं आणि शाईच्या एजंटला आत फिरवलं. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. बावीस वर्षं झाली, माझ्या चिठ्ठीशिवाय त्या खोलीतून शाईचा डबा हललेला नाही. जाब विचारला तर फिनिशिंग खात्यातल्या सगळ्या बायकांसमोर म्हणतात, "परबबाई, स्टोअर कंपनीचं आहे. तुमचं नाही."
म्हटलं, "मग घ्या तुमच्या किल्ल्या. उद्यापासून येत नाही."
आणि नेहमीसारखी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, चहाची वाट बघत. साडेपाचची बेल झाली. चहा आला नाही.

मंगळ. ४ फेब्रु.
८.२५ ला गेटवर. वॉचमन म्हणाला, आत सोडायचं नाही असं सांगितलंय. मला! ह्याला नोकरीला लागला तेव्हा रेनकोट मी काढून दिला होता स्टोअरमधून.
मोठे शेठ, धाकट्यांचे वडील, प्रेसमध्ये बसायचे तेव्हा मी पाच वेळा किल्ल्या आपटल्यात. एकदा बायकांच्या संडासात कागदाचे गठ्ठे रचले म्हणून. एकदा गौरी-गणपतीची रजा कापली म्हणून. बाकीची कारणं आठवत नाहीत, पण चूक माझी नव्हती. दर वेळी तासाभरात शिपाई मागच्या पायऱ्यांवर यायचा. कप, कपाखाली बशी, बशीत किल्ल्या. ना ते काही बोलायचे ना मी. चहा प्यायचा, किल्ल्या कमरेला, चला कामाला.
अख्ख्या प्रेसला माहीत आहे हे. धाकट्यांनाही. (यापुढे नुसतं धा. त्यांच्यासाठी एवढी शाई नको.) कॉलेज संपवून नवीन आले होते तेव्हा एकदा बशी त्यांनीच आणून दिली होती. हसत होते.

गुरु. ६ फेब्रु.
काल आणि आज घरीच. रुसून. वाटलं, इथे विक्रोळीला पाठवतील कुणाला तरी. दार वाजलं की पदर सारखा करून उठायचं आणि बाहेर पेपरवाला.
हे म्हणाले, जाऊन सॉरी म्हणून ये. सासूबाई पलंगावरून: "तुझ्या तोंडाक कुलूप कोण घालतलो गो?"
त्यांच्यावर काय चिडायचं. खरंच आहे ते.

शनि. ८ फेब्रु.
पत्र आलं. 'आपण दि. ३ रोजी साक्षीदारासमक्ष दिलेला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. त्यानंतर आपण स्वतःहून गैरहजर आहात.' खाली, ऑफिसात येऊन सही करून हिशेब घेऊन जावा वगैरे.
राजीनामा! मी कधी कागदाला पेन लावलं? आणि गैरहजर म्हणे. मंगळवारी गेटवरून कुणाला हाकललं मग?
साक्षीदार: शुभांगी.
पंधरा वर्षं एका डब्यातून जेवतो आम्ही. तिच्या भाकऱ्या, माझं कालवण. ती शुभांगी. फोन लावला. ती रडत नव्हती की घाबरली नव्हती. शांत. म्हणाली, "तू बोललीस ना गं. मी काय खोटं लिहू?"
"मग बशीचं का नाही लिहिलंस?"
"ते त्यांनी विचारलं नाही."
फोन आपटला. मला खोटं बोलणारी माणसं परवडतात, त्यांना शिव्या तरी देता येतात. हिने एक शब्द खोटा लिहिला नाही. म्हणून जास्त संताप.

सोम. १० फेब्रु.
खालच्या मजल्यावरच्या तांबेकाकांकडे गेले. जन्म युनियनमध्ये गेला त्यांचा. पत्र दोनदा वाचलं, मग चष्म्यावरून बघत, "इतके दिवस घरी कशाला बसलीस?"
बशीची वाट बघत होते, हे त्यांना सांगताना माझं मलाच कसंसं झालं. ते हसले नाहीत. म्हणाले, तुझ्या रुसव्याला ते सोडून जाणं म्हणतील. आता कशावरही सही करायची नाही. 'मी काम सोडलेलं नाही, हजर व्हायला तयार आहे' असं पत्र रजिस्टर पोस्टाने टाकायचं. आणि रोज कामाच्या वेळेला गेटवर उभं राहायचं. रोज म्हणजे रोज.

मंगळ. ११
गेट ८.२५. वॉचमन नाही म्हणाला. पत्र टाकलं. पावती पाकिटात.

बुध. १२
गे. ८.२५. नाही. धा.ची गाडी आत गेली. काच वर.

शुक्र. १४
गे. ८.२०. नाही. मरोळचं ऊन सकाळीच चढतं. समोरच्या गाळ्यातला वेल्डर स्टूल देत होता, घेतलं नाही. बसले की थकले म्हणतील. फिनिशिंगच्या बायका मान खाली घालून आत जातात. शुभांगी मान खाली घालत नाही. बघते आणि जाते. ते आणखी लागतं.

सोम. १७ फेब्रु.
लेबर ऑफिस, आमच्या तक्रारीची पहिली तारीख. तांबेकाका बरोबर. तिकडून धा. आणि त्यांचा वकील.
साहेबांनी सरळ विचारलं, "बाई, उद्यापासून येत नाही असं बोललात की नाही?"
तांबेकाकांनी टेबलाखालून पाय लावला. पण मी बोलले. "हो. बोलले."
मग बशीचं सांगितलं. कप, किल्ल्या, पायऱ्या, सगळं. कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. वकील म्हणाला, "साहेब, चहा पुराव्यात बसत नाही." धा. खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हटलं, ह्यांना विचारा, ह्यांनी स्वतः आणून दिली होती एकदा. धा. म्हणाले, "मला असं काही आठवत नाही."
त्यांचा चेहरा बघितला मी. आठवत होतं.
पुढची तारीख १२ मार्च, साडेअकरा. साक्षीदाराला आणा, म्हणाले.

शुक्र. २१ फेब्रु.
गे. ८.२५. नाही.
इथे तरी खरं लिहावं. मला त्या दिवशी खरोखर सोडायची होती का? टेबलावर किल्ल्या पडल्या तेव्हा, हो. त्या क्षणी धा.चं तोंड परत बघायचं नव्हतं. पायऱ्यांवर जाऊन बसेपर्यंत राग निम्मा झाला होता. बेल झाली तेव्हा डोक्यात उद्याचं चाललं होतं, की प्लेटांचं खोकं दाराजवळ राहिलंय, ते आत सरकवायला हवं.
म्हणजे सोडली का? कोण सांगणार? मी जे बोलले ते माझंच तोंड, आणि जे बोलले नाही तेही माझंच.
पण एवढं कळतं: धा.नी त्या दिवशी राजीनामा घेतला नाही, संधी घेतली. बावीस वर्षं जी बाई चिठ्ठी मागते ती नको होती त्यांना. काढून टाकायची हिंमत नव्हती, म्हणून माझा राग वापरला. माझा! तो मी माझ्यासाठी ठेवला होता.

मंगळ. ४ मार्च
गेट करून तशीच पार्ल्याला. मोठ्यांकडे.
खूप उतरलेत. डावा हात मांडीवर पडून असतो, बोलणं अडखळत. त्यांना सांभाळणारा दत्ताराम बाजूलाच. मी आधी ठरवलं होतं, रडायचं नाही, भांडायचं नाही. भांडले. दोन ओळी लिहून द्या म्हटलं, बशीच्या. आधी कशी पद्धत होती एवढंच. बाकी काही नको.
त्यांनी उजव्या हाताने डावा हात सारखा केला. मग, "मुलाविरुद्ध लिहू?"
मी उठले. म्हटलं, नका लिहू. दारापाशी पोचले तर मागून आवाज आला. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "बाई. तुम्हाला खरंच जायचं असतं ना... तर आपटल्या नसत्या. मोजून... नीट... हातात दिल्या असत्या."
बसमध्ये रडले. बावीस वर्षांत मला स्वतःबद्दल जे कळलं नाही ते ह्या माणसाला ठाऊक होतं. आणि लिहून देणार नाही म्हणे. ह्याचा राग करायचा की काय करायचं, तेही धड समजेना.

शुक्र. ७ मार्च
गे. ८.२५. नाही.
शुभांगीचा मेसेज. महिन्यात पहिला. 'स्टोअरला नवीन कुलूप बसवलं. आकड्यांचं.' पुढे काही नाही. मीही उत्तर दिलं नाही. पण पुसलाही नाही.

मंगळ. ११ मार्च
गेटवरून अकराला घरी आले. साडेबाराला दार वाजलं. पेपरवाला नव्हता. दत्ताराम, पार्ल्याहून. हातात पिशवी. म्हणाला, शेठनी दिलंय, म्हणाले परबबाईंना द्यायचं, त्यांना कळेल.
पिशवीत थर्मास. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप, आणि बशी. आणि किल्ल्या. घरी असायचा त्यांच्याकडे तो जुना जुडगा, पितळी बिल्ल्याचा. चिठ्ठी नाही. मी दोनदा पिशवी उलटी केली, चिठ्ठी नाहीच.
दत्तारामला विचारलं, मुलाला माहीत आहे का? तो म्हणाला, "मला काय माहीत, ताई. शेठनी स्वतः कपाटातून काढल्या. एका हाताने. अर्धा तास लागला."
हे म्हणाले, ह्या किल्ल्यांनी आता काय उघडणार, कुलूप तर बदललंय. मला माहीत आहे.
कपात चहा ओतला. कप बशीत, किल्ल्या बशीत. बघत बसले. प्यायला की कामाला जायचं, ही पद्धत. आणि जायला जागा नाही. सासूबाईंनी पलंगावरून सगळं बघितलं. म्हणाल्या, "पी गो. थंड होता."
प्यायले. साखर जास्त होती, मला लागते तशी. त्यांना अजून आठवतं.
उद्या साडेअकरा. तांबेकाका म्हणतात, किल्ल्या दाखव पण जास्त बोलू नकोस. बघू. शुभांगी येणार आहे, त्यांच्या बाजूने. विचारतील तेवढंच ती सांगणार, आणि सांगेल ते खरं सांगणार. म्हणून मी फक्त एवढंच म्हणणार आहे साहेबांना: हिला बशीचं विचारा.
बशी पर्समध्ये मावत नाही. कापडी पिशवीतून नेते.