पट्ट्याचा आणि बिनपट्ट्याचा

चि. ओतिलियास, थोरल्या बहिणीचे, एर्सिलियाचे आशीर्वाद. तुझ्या कोंबड्या, तुझे गुडघे आणि तुझा नवरा (तुला ज्या क्रमाने काळजी असते त्या क्रमाने) सुखरूप असोत. इकडे माझी कवळी सैल झाली आहे. बाकी ठीक.

एवेलियो फेब्रुवारीत मला विधवा करून गेला, तेव्हा तू आलीच होतीस (आणि माझ्याहून जास्त रडलीस). मागे राहिली घरामागच्या चढावरची झाडांची राई आणि राईतला तो तोरोरोई पक्षी. काड्यांसारखे पाय, आणि शेपूट लावायला देव विसरलेला. एवेलियो रोज सकाळी शीळ घालायचा, पानावर गांडुळं चिरून ठेवायचा, की हे महाशय टुणटुण उड्या मारत हजर. आता जावई अर्नुबियो म्हणतो, "आई, पैसे देऊन पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तो दिसला तर राई ठेवू. नाहीतर तोडून अव्होकाडो लावतो." रोपं अंगणात येऊन पडली आहेत.

मी नऊ दिवस गांडुळं चिरली. मुंग्या लठ्ठ झाल्या, पक्षी नाही. कवळीतून शीळ निघत नाही, नुसता वारा येतो. म्हणून दहाव्या दिवशी, पाहुण्यांसमोर, तू नदीपलीकडे तुझ्याकडच्या तोरोरोईला घालतेस ती, फोनवर पाठवलेली शीळ लावली. त्यांच्यात एक डॉक्टरीणबाई होत्या (पक्ष्यांच्या, माणसांच्या नव्हेत). त्यांनी कपाळावर हात मारला. "आजी, ही तर कउका नदीपलीकडच्या पक्ष्याची शीळ!"

"एकच की हो दोघे."

"एक कसले? तुमच्याच्या छातीवर तपकिरी पट्टा आहे, तिकडचा साधा राखाडी. घराणं एक, पण नदीच्या दोन बाजूंना राहून वेगळे झाले, बोलीसुद्धा बदलली. आणि दोघेही संपत आलेत."

मी म्हटलं, "बाई, हे आमच्या घरात आधीच झालंय."

(साधा राखाडी, ओतिलिया. मी नाही, त्या म्हणाल्या.)

बाई येत्या रविवारी पुन्हा येणार आहेत. अर्नुबियो तोवरच थांबणार. तब्येतीला जप.

तुझी एर्सिलिया

ता. क. शनिवारच्या बसने ये. एवेलियोची शीळ तुला येते. आमच्या लग्नाआधी तो कुंपणापलीकडून ती कोणासाठी घालायचा, आणि इकडून उत्तर कोण द्यायचं, ते मला ठाऊक आहे. मी आत मका दळत होते, बहिरी नव्हते.

ता. ता. क. पक्ष्याचं नाव त्याने ओतिलिया ठेवलं होतं. पाहुण्यांना मी ते आपल्या आजीचं म्हणून सांगते. तूही तेच सांग.