उंदरांचा वाटा

२ एप्रिल १९९६, पळसदेव
आज सणसरहून येथे येऊन कामावर रुजू झालो. उजनीचे पाणी ओसरल्याने जुन्या गावाची पांढरी माती उघडी पडली आहे. तेथेच उत्खनन चालते. तंबू हवेशीर, जेवण उत्तम. प्रमुख सुकन्याबाई यांनी मला चाळणीवर बसविले. माती पाण्यात चाळून उंदरांचे जुने जबडे वेचावयाचे. कोणत्या थरात कोरड्या माळावरचा उंदीर आणि कोणत्या थरात ओल्या गवतातला, यावरून त्या काळचे पाऊसपाणी समजते. मी चौथी उत्तीर्ण, नजर शाबूत. काम योग्य हाती पडले आहे.

५ एप्रिल
शेजारच्या चाळणीवर येथलीच प्रयागबाई बसते. तिला रोज मूठभर जबडे सापडतात, मला एखादा. सुकन्याबाई भिंग घेऊन तिच्याचपाशी बसतात. आज म्हणाल्या की, पुढे चाळणीवर एकच माणूस ठेवावयाचा आहे. माझ्यावाचून येथले काम अडले आहे, असे मी सणसरला सर्वांस सांगून आलो आहे. परत जाणे नाही.

८ एप्रिल
कारण उमगले. कामापूर्वी ती भाकरीचा तुकडा खड्ड्याच्या काठावर ठेवते. तिच्या माहेरी खळ्यावर उंदरांचा वाटा काढीत, म्हणे. ती पाणी आणावयास वळताच तो तुकडा मी खाल्ला. तिने पाहिले. हसून म्हणाली, "तात्या, त्यांचं हाय ते. आता तुमच्याकडं मागत्याल." मी तोंड पुसून चाळणीवर बसलो.

९ एप्रिल
माझी चाळणी भरली! तिची रिकामी. भिंग माझ्यापाशी आले. मन तृप्त झाले. आजचाही तुकडा मीच खाल्ला.

११ एप्रिल
जबडे उबदार लागतात. काहींना लव आहे. सुकन्याबाईंना ते जुने, कोरडेच दिसतात. त्या शाबासकी देतात. मी भिंगातून पाहिले. दात हलत होते.

१२ एप्रिल
भर दुपारी चाळणीत हात घातला, तो करंगळीचे टोक— बाई म्हणाल्या, जाळीची तार लागली असेल. प्रयागबाईने विनविले, "उठा तितनं, तात्या. मी बसते. त्यांचा वाटा देते, सोडत्याल तुमाला." तिला माझी जागा हवी आहे.

१३ एप्रिल
डावा हात चाळणीतून निघत नाही. रोजनिशी मांडीवर— पाणी लाल. प्रयागबाई भाकरी घेऊन धावत येत आहे. तिने ती ठेवली, तर जबडे पुन्हा तिचे होतील— ओरडून तिला थांबविले. बाई भिंग घेऊन येत आहेत. माझ्याचपाशी. मनगट— नाही, उठणार नाही. ते आता उजव्या—