बिनतारेचा खांब

मेढ्यावरची वाडी,
होळीच्या आदल्या दिवशी, १९९६

श्री. भाऊसो पाहुणे यांना डोंगरावरून नाथाजीचा रामराम.

तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, उसाला तोड मिळाली असेल आणि तुमची बहीण मनुबाई माझ्यावर चिडून का होईना, दोन वेळा नीट जेवत असेल असे धरून चालतो. इकडे म्हैस खुशाल आहे. माझे म्हणाल तर म्हशीला विचारा.

मनुबाई दिवाळीला उंब्रजला तुमच्याकडे आली ती तिथेच राहिली. जाताना एवढेच म्हणाली, "दिवा लागंल तवा बोलवा. धुरानं डोळं जायची येळ आली." तिचे काही चुकले नाही. आमच्या दारात विजेचा खांब आहे, पण तार नाही. (आमचा शंभूराज पाळण्यात होता तेव्हापासून तार येते आहे. आता तो पलटणीत भरती झाला.) खांबावर दोडक्याचा वेल छान चढतो. पण कागदावर खांब म्हणजे वीज, म्हणून रेशनचे रॉकेलही कमी झाले.

लडाखला असताना एका चौकीच्या छपरावर मी निळी काच पाहिली होती. दिवसभर ऊन खायची आणि अंधार पडला की दिवा द्यायची. पेन्शनीत निघालो, पण ते ऊन काही डोक्यातून निघाले नाही. अजून बांधावर बसलो की जावळीच्या डोंगरांवर ऊन सांडत असते आणि मी बघत राहतो. वाटते, यातले ओंजळभर माजघरात नेऊन ठेवावे आणि तिन्हीसांजेला मनुबाईचे तोंड नीट दिसावे. (असा बसलो असतानाच म्हैस दोनदा लोकांच्या हरभऱ्यात गेली. मनुबाईने ते तुम्हाला सांगितले असेलच.)

म्हणून साताऱ्याला गेलो. सौरदिव्याची सरकारी योजना निघाली होती. साहेब भला माणूस, चहा पाजला आणि म्हणाला, "हवालदार, योजना अंधारातल्या गावांना आहे. तुमची वाडी उजेडात आहे. अंधार असल्याचा दाखला खांबवाल्यांकडून आणा." खांबवाल्यांकडे अंधाराच्या दाखल्याचा नमुनाच नव्हता. उजेडाचा होता, तो लगेच देतो म्हणाले. म्हटले, मग निदान खांब तरी उपटा. तर म्हणे, खांब काढण्याआधी वीज बंद करावी लागते आणि बंद करायला ती आधी चालू पाहिजे. माझे इतके हेलपाटे झाले की एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना विचारायचा, "काय गड्या, घावला का अंधार?"

शेवटी साहेबांनाच माझी दया आली. नकाशावर बोट फिरवत फिरवत त्यांनी एक वाट काढली (ती पुढे सांगतो). दिवा मंजूर झाला, आला आणि बसलाही. छपरावर निळी काच आहे, तिच्यात अख्खे आभाळ दिसते. खाली उभे राहिले की आपण ढगांत नोकरीला आहोत असे वाटते. बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार.

आपला,
नाथाजी

ता. क. बहिणीला पाठवून द्या. पत्र त्यासाठीच लिहायला घेतले होते, मध्ये ऊन आडवे आले.

ता. क. दुसरा. ती वाट अशी. नकाशात आमचा पठारावरचा गोठा वाडीच्या हद्दीबाहेर निघाला. तिथे खांब नाही, म्हणून गोठा अंधारात धरला. दिवा गोठ्याला मंजूर आहे आणि तिथून हलवला तर जप्त होतो. त्यामुळे मीही गोठ्यातच राहायला आलो आहे. जागा सारवून ठेवली आहे, म्हशीला पलीकडे सरकवले आहे. हे मनुबाईला ती मेढ्याच्या स्टँडवर उतरल्यावर मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.

ता. क. तिसरा. दिवा अजून लावलेला नाही. काच रोज ऊन साठवते आणि दिवेलागणीला मी नि म्हैस अंधारात बसतो. लग्न झाल्यापासून घरात सांजवात तिनेच लावली आहे, तेव्हा हे बटणही तिनेच दाबायचे. नुसता निरोप द्या, की त्या खुळ्याने अजून बटण दाबलेले नाही. मग दिवा कुठे आहे, हे ती विचारणार नाही.