दोन कुलपांचं कपाट

मी, या घरातला एकुलता एक मुलगा, वय पंचवीस, शाळा अर्धवट पण डोकं ठिकाणावर, कुणाच्याही धाकाखाली नसताना, कापड कापायच्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात कामाला निघतोय. मरायचा बेत नाही. पण समुद्राचा काय भरवसा, आणि माझ्यामागे काकाला रान मोकळं नको.

आधी घर. माझ्या वडिलांना दोन बायका. दोघी मला आईच. जन्म कुणी दिला ते इथे लिहीत नाही. त्यावरून वाटे पाडायला लोक टपलेले असतात. वडिलांनी जाताना घर आणि खालचा शिवणकामाचा कारखाना माझ्या नावावर केला, कारण दोघींपैकी एकीचं नाव घालायची त्यांची छाती झाली नाही. धाकट्या आईचं लग्न कुठल्याच सरकारी कागदावर नाही. मी नसलो तर काका तिला पहिल्याच महिन्यात बाहेर काढेल. म्हणून घर, कारखाना आणि सगळी मशिनं दोघींना मिळून, सारख्या हक्काने. एकीच्या माघारी सगळं दुसरीचं.

आता कपाट. कारखान्यातल्या लोखंडी कपाटात घरचा पैसा असतो. त्याला वडिलांनी मुद्दाम दोन कुलपं बसवून घेतली. एक किल्ली थोरलीकडे, एक धाकटीकडे. वडिलांना वाटलं, सवतींचं कधी पटायचं नाही, दोघी तक्रार घेऊन येतील आणि शेवटचा शब्द आपला राहील. झालं उलटंच. दोघी दुपारी चहा घेऊन कपाटासमोर बसायच्या आणि कापड कुठलं घ्यायचं, उधारी कुणाची बंद करायची, माझी फी (वाया गेली, ते सोडा), सगळं ठरवूनच उठायच्या. शेवटी चपला घ्यायच्या तरी वडिलांना दोघींकडे जावं लागे.

फार गोडीत राहत होत्या असं नाही. एकमेकींच्या चहाला अजून नावं ठेवतात. धाकटीला आणलं तेव्हा थोरलीला कुणी विचारलं नव्हतं. ते ती विसरलेली नाही, पण तो राग तिने धाकटीवर कधी काढला नाही.

मोटारसायकल कुणालाही नाही, कारण ती घेतलीच गेली नाही. थोरलीला मी लाडीगोडी लावून वळवलं होतं. धाकटी म्हणाली, आधी एका कामावर टिकून दाखव.

काकाबद्दल. वडील गेल्यावर तो थोरलीजवळ येऊन हळूच म्हणाला, की धाकटी तुमच्या मागे कपाट उघडून माहेरी पैसे धाडते, तेव्हा कारभार माझ्याकडे द्या. थोरलीने मशीनवरून मान वर केली नाही.

"भावजी, माझ्या किल्लीशिवाय ते उघडतं कसं, तेवढं दाखवा. मग कारभार तुमचा."

धाकटी जिन्यात उभी होती. तिने वरूनच विचारलं, "ताई, भावजींना चहा टाकू का? वेळ लागेल त्यांना."

सबब काकाला वडिलांची हातांची खुर्ची. तीत बसून हुकूम सोडायला बरं वाटतं. न्यायची त्याने स्वतः उचलून.

अट एकच. कपाटाची कुलपं बदलू नयेत. एकच मोठं कुलूप लावा असा सल्ला जो देईल, त्याला चहा विचारू नये.

या कागदावर साक्षीला दोघी पुढे सरसावल्या होत्या. ज्याला मिळतं त्याची सही चालत नाही, असं वकिलांनी सांगितलं, तेव्हा नाइलाजाने बसल्या. काल मी न मागता त्यांनी कपाट उघडलं आणि मला जहाजावर घालायचे बूट आणले. रंग मला विचारला नाही.

जिवंत परतलो तर हे सगळं दोघींच्या नावावर करून देईन, मरायची वाट बघणार नाही. आणि लग्न केलंच तर बायको एक. कुलपं मात्र दोन. एक किल्ली तिची, एक माझी, आणि दुपारचा चहा मी टाकीन.

लिहून देणार: दोघींचा मुलगा (सही)

साक्षीदार: १) गल्लीतला कुलूपवाला, ती दोन्ही कुलपं यानेच बसवली (सही)
२) समोरच्या दवाखान्यातली नर्स, मी शुद्धीवर आहे हे तिने पाहून सांगितलं (सही)

ठिकाण: आमच्या कारखान्याची खोली
दिनांक: अठरा मार्च, जहाज सुटायच्या आदल्या दिवशी