ताईच्या नाकाबद्दल भाऊजींना

ती. भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

ताई इकडे सुखरूप पोचली. तुमचा गुडघा काय म्हणतो? आमचं सगळं ठीक, फक्त ताईचं नाक झिजलं आहे. घाबरू नका, वाचनालयाच्या दारातल्या पुतळ्याचं. तुमच्या लग्नाआधी मी तिला समोर बसवून संगमरवरात घडवला होता तो (तुम्ही तिला पहिल्यांदा पाहिलंत ती दगडातच, आणि तेव्हा ती गप्प होती, हे तुम्ही चारचौघांत सांगत असता).

आता नाक गुळगुळीत झालंय, ओठ पुसट झालेत आणि हनुवटीखाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे काळ्या खपल्यांची दाढी आली आहे. वाचनालयाची कमिटी म्हणते, मी हलका दगड गळ्यात मारला, सबब पुतळा उचलून गोदामात टाकायचा. भाऊजी, माझ्या जिवाला फार लागलंय. एवढं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. शिवाय त्याच दगडाचा उरलेला तुकडा माझ्या कारखान्यात छपराखाली पडून आहे, त्याची कड अजून बोटाला टोचते. मग एकाच खाणीतल्या दोन भावांपैकी दारात उभा असलेलाच का झिजला, हे गौडबंगाल मला स्वस्थ बसू देईना.

ग्रंथपालबाईंनी पुस्तकं काढून दिली आणि मी त्यात जो शिरलो तो जेवायलाही उठेना. कोळसा जळला की त्यातलं गंधक धुरातून वर जातं, गाड्यांच्या धुरातूनही असंच काहीबाही जातं, ते ढगांतल्या पाण्यात मिसळून त्याचं आम्ल होतं आणि खाली येऊन संगमरवर खातं. (साधा पाऊसही किंचित आंबट असतो म्हणे. इतकी वर्षं भिजलो, पत्ता नाही.) आणि चिमणी जितकी उंच, तितका धूर लांबच्यांच्या डोक्यावर. तुम्ही चालवता त्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या उंच चिमणीचं तुम्ही दर भेटीत कौतुक करता, म्हणून आठवलं. वारा तुमच्याकडूनच इकडे येतो, हे मी गच्चीवर चादर टांगून पाहिलं.

मग पुरावा हवा म्हणून बाटलीत पाऊस धरला आणि रंग बदलणारा कागद बुडवला. लालभडक. तशीच बाटली घेऊन कमिटीपुढे गेलो. अध्यक्षांनी ती हुंगली, बोट बुडवून चाखली आणि साखर कमी आहे म्हणाले. लिंबाच्या सरबताची बाटली मी विसळलीच नव्हती. (ताई हसून हसून खाली बसली.) मग धुतलेल्या काचेच्या भांड्यात पुन्हा पाऊस धरला. या वेळी रंग बेताचा, पण साध्या पावसाहून आंबट निघालाच. अध्यक्षांनी चाखायला नकार दिला, मात्र पुतळा हलवणं पुढे ढकललं.

उपायही वाचले. कमी गंधकाचा कोळसा वापरायचा, गाड्यांचा धूर नळीतच शुद्ध करायचा, आणि कारखान्याच्या धुराला चिमणीत सोडण्याआधी चुनखडीच्या पाण्याने आंघोळ घालायची. म्हणजे धुराने पुतळा खाण्याआधी त्याला दुसरा दगड खायला द्यायचा. त्यातून जिप्सम निघतं, ज्याचं प्लास्टर मी साच्यांना वापरतो. हे वाचून मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरलो. तशी यंत्रणा तुमच्याकडे आहे, पण फार वीज खाते म्हणून तुम्ही बंद ठेवता, असं ताई म्हणाली. माझा विश्वास बसला नाही (बसला).

गुडघ्याला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. ती यंत्रणा सुरू करा, एवढीच विनंती. नवं नाक मी बसवीन, पण हाच पाऊस राहिला तर तेही जाईल.

ता. क. आणखी एक. ताईने हे पत्र वाचलं. आंघोळ न केलेल्या धुराच्या घरी ती परत येणार नाही म्हणते. बॅग माळ्यावर टाकली आहे आणि माझ्या बायकोचा तिला पाठिंबा आहे. भाऊजी, खरं सांगतो, नाकाचं मी कसंही निभावून नेईन. पण ताईने माझा कारखाना आवरायला घेतलाय आणि मला एकही छिन्नी सापडत नाहीये. कृपा करून यंत्रणा सुरू करा आणि हिला घेऊन जा.